पान चौतीस

वही माझी आहे.
अक्षरही माझंच, शाळेत वळणदार म्हणायचे.
पान चौतीस: बहादूर एक, बहादूर दोन,
बहादूर लंगडा, बहादूर नवा.
पुढे उचल, पुढे खाडे, पुढे अंगठा.
आगोटीला नाखवा हिशोब मिटवायचा
आणि दर आगोटीला थोडं काही अंगावर उरायचंच त्यांच्या,
म्हणजे नारळी पुनवेला परत येतील.

हवालदार विचारतो,
सिव्हिलला जो बेशुद्ध आहे त्याचं नाव सांगा.
मी पान उलटतो. मागच्या बाजूला डिझेलचा हिशोब.

झालं एवढंच होतं की कुणाच्या तरी मोबाइलवर फोटो आला,
पोरं पळवणारे बंदरात उतरलेत म्हणून.
फोटोतला माणूस कुणासारखाही दिसत होता.
पोर कुणाचंच हरवलं नव्हतं.
हे सकाळी कळलं, मोजल्यावर.

चार वर्षं बांगडा दहा वावांच्या आत आलेला नाही.
रात्री बाहेर एलईडीचे दिवे, समुद्रात जत्रा भरल्यासारखे,
त्या बोटी कुणाच्या ते सगळ्यांना ठाऊक,
देवळाच्या कळसाची वर्गणी त्यांचीच.
चोगल्यांचा मितेश आयटीआय करून घरी बसलेला,
गणपतीनंतर नाखव्याकडे गेला, वाटा मागायला,
आजोबाला मिळायचा तसा, म्हावऱ्यातला वाटा.
नाखवा म्हणाला, वाटेकरी नकोत रे बाबा,
जाळं ओढणारे हवेत.
मी तिथेच चहा ओतत होतो.
मितेश नाखव्याला काही बोलला नाही.
जाताना पडवीतल्या चपलांकडे बघत राहिला,
निळ्या रबरी, खलाशांच्या, चौदा जोड.

त्या रात्री त्याच्या हातात वल्ह्याचा तुटका दांडा होता.
ते तिघे बर्फाच्या खोलीत लपले.
त्या खोलीला आतून कडी नाही,
सगळ्या गावाला माहीत.

मी? मी वजनकाट्याला कुलूप लावत होतो.
दोनदा लावलं.

माझा बाप वाळकेश्वरला एका घरात
बावीस वर्षं भांडी घाशी.
नाव सोनू. तिथे त्याला रामा म्हणत.
शेजारचाही रामा, वरच्या मजल्यावरचाही रामा,
सगळे आमच्याच खाडीकाठचे.
बाई जिन्यातून हाक मारायची
आणि तिन्ही मजल्यांवरून ओ यायची.
बाप हे हसून सांगायचा. आम्हीही हसायचो.
मनीऑर्डरच्या फॉर्मवर मात्र तो सोनू लिहायचा,
एवढं मोठं की रकान्याबाहेर जायचं.

बाकावर बहादूर दोन बसलाय,
भुवईवर टाके, मांडीवर पोलिसांनी दिलेला वडापाव, तसाच.
हवालदार म्हणतो, तू बोल.
तो म्हणतो, खगेंद्र साउद.
हवालदाराला नीट लागत नाही. परत, काय?
तेव्हा तो टेबलावरचं पेन घेतो,
माझ्या वहीचं पान आपल्याकडे फिरवतो
आणि लिहितो.

खगेंद्र साउद. अछाम.
खाली स्वतःचं: पदम रोकाया. बाजुरा.
तीच बाराखडी.
तोच पोटफोड्या ग, द्र तसाच,
रेघ माझ्यापेक्षा सरळ.

सहा वर्षं मी याचा अंगठा घेत होतो.
लिहिता येतं का, विचारलं नव्हतं.
शाईचं पॅड आधीपासून तिथे होतं.

मितेशला दुपारी नेलं. त्याची आय
फाटकापाशी बसून होती, कुणाला काही न विचारता.
संध्याकाळी नाखव्याचा फोन:
गोरखपूरच्या गाडीने बाराजण निघालेत,
परवा चिपळूणला उतरतील,
नवीन पान आखून ठेव.

पट्टी कुठे ठेवली, आठवत नाही.
ड्रॉवर सगळा बाहेर काढलाय.